रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल, मग गाठीचं काय?

(आपल्या रेडिओ केंद्रावरून प्रसारित झालेलं भाषण. बोलणाऱ्या ताई ग्रामीण रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका आहेत.)

कुणी शेंगा फोडत ऐकत असेल, कुणाची भाकरी तव्यावर असेल. हात चालू द्या. कान मात्र जरा इकडे द्या, कारण आजची गोष्ट मला नीट सांगायची आहे आणि ती थोडी किचकट आहे.

गेल्या वर्षी आषाढात एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या, चहा झाला. बायका उठायला लागल्या तेव्हा एक ताई माझ्याजवळ सरकून बसल्या. पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. "सिस्टर, एवढं बघा की. गावात तपासणीचं शिबिर आलं होतं. सगळ्या अंगाची तपासणी केली. त्यात कॅन्सरची पण होती. माझी नॉर्मल आली."

मी कागद पाहिला. साखर, थायरॉईड, किडनी, आणि खाली एका ओळीत 'सीए १५-३'. आकडा १८. शेजारी छापलेलं, ३० च्या आत नॉर्मल.

"ताई, कॅन्सरची तपासणी करावीशी का वाटली?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "डाव्या छातीत बोराएवढी गाठ हाय. दुखत न्हाई. दिवाळीपासनं हाय. जायचं म्हणत होते दवाखान्यात, पर रिपोर्ट चांगला आला. म्हटलं, मग कशाला जायचं?"

दिवाळीपासून आषाढापर्यंत. मोजा तुम्हीच.

त्या लॅबनं आकडा चुकीचा काढला नव्हता. रक्तही नीट घेतलं होतं. पण त्या तपासणीला जो प्रश्न विचारायचाच नसतो, तो ताईंनी तिला विचारला होता आणि मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवला होता. तसं कुणी त्यांना सांगितलंही नव्हतं. म्हणून आज बोलायचं ते स्तनाच्या कॅन्सरमध्ये रक्तातल्या खुणा काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, याबद्दल. या खुणांना डॉक्टर 'ट्यूमर मार्कर' म्हणतात.

सीए १५-३ म्हणजे काय ते आधी पाहू. आपल्या स्तनातल्या पेशींवर एक प्रकारचं प्रथिन असतं. ते निरोगी बाईच्या अंगातही असतं. कॅन्सरच्या पेशी ते जास्त बनवतात आणि त्याचे तुकडे रक्तात सांडतात. रक्तात ते किती सांडलंय, हे मोजलं की सीए १५-३ चा आकडा येतो. सीईए नावाचं आणखी एक प्रथिन आहे. ते १९६५ साली कॅनडात आतड्याच्या कॅन्सरवर काम करताना सापडलं. स्तनाच्या कॅन्सरमध्येही ते कधी कधी वाढतं, म्हणून दोन्ही तपासण्या बऱ्याचदा जोडीनं लिहिलेल्या दिसतात.

आता आपल्या ओढ्याकडे बघा. वर डोंगरात धो धो पाऊस पडला की खाली ओढ्याचं पाणी गढूळ होतं. पण डोंगरावर एकच सर येऊन गेली तर? खाली पाणी स्वच्छच दिसणार. पाणी स्वच्छ आहे म्हणून वर पाऊस झालाच नाही असं आपण म्हणत नाही. आणि कधी कधी पाऊस नसतानाही पाणी गढूळ होतं, कारण कुणाच्या तरी म्हशी पाण्यात उतरलेल्या असतात.

रक्ताचं तसंच आहे. गाठ लहान असते तेव्हा तिचं प्रथिन रक्तात इतकं कमी सांडतं की आकडा हलतच नाही. अगदी पहिल्या टप्प्यातला कॅन्सर असलेल्या दहा बायकांपैकी साधारण एकीचाच सीए १५-३ वाढलेला असतो. नऊजणींचा रिपोर्ट नॉर्मल येतो, आणि नऊजणींनाही कॅन्सर असतो. रोग हाडात, यकृतात, फुप्फुसात पसरलेला असतो, तेव्हा चारपैकी तिघींचा आकडा वाढतो. म्हणजे ज्या वेळी ओळखलं तर पूर्ण बरं होण्याची सगळ्यांत जास्त आशा, नेमकं त्याच वेळी ही तपासणी आंधळी असते.

म्हशींचंही सांगते. यकृताचा आजार असेल, स्तनात साधी, कॅन्सर नसलेली गाठ असेल, तरी सीए १५-३ वाढू शकतो. बी-१२ जीवनसत्त्वाच्या मोठ्या कमतरतेनं रक्तक्षय झालेल्यांमध्येही तो वाढलेला आढळला आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा सीईए कॅन्सर नसताना वाढलेला असतो. म्हणजे धडधाकट बाईचा आकडा ३५ आला की घरात रडारड, मोठ्या शहराच्या फेऱ्या, कर्ज, आणि शेवटी निघतं काय, तर काहीच नाही. हेही मी पाहिलं आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. गावातल्या शिबिरात धडधाकट बायकांची सीए १५-३ करू नये. पैसे घेऊन तर नाहीच, पण फुकटसुद्धा नाही. पैसे वाचतात हा मुद्दा लहान आहे. खरी हानी होते ती खोट्या धीरानं.

मग ही तपासणी आहे तरी कशासाठी?

तिचं खरं काम रोग पसरलेल्या बाईच्या उपचारात आहे. समजा एखादीचा कॅन्सर हाडात गेला आहे आणि तिला औषध सुरू केलं. औषध लागू पडतंय का? दर वेळी मोठं स्कॅन करणं महाग पडतं, आणि हाडातला बदल स्कॅनमध्ये उशिरा कळतो. अशा वेळी आधी २०० असलेला आकडा दोन-तीन महिन्यांत ९० वर आला तर डॉक्टरांना अंदाज येतो. एकाच आकड्याला इथं फारशी किंमत नसते. तो चढतोय की उतरतोय हे बघायचं, तेही दुखणं, भूक, वजन आणि स्कॅन यांच्या जोडीनं. नवीन औषध सुरू झाल्यावर पहिल्या चार ते सहा आठवड्यांत आकडा उलट वाढूही शकतो, कारण मरणाऱ्या पेशी आपलं प्रथिन रक्तात सोडतात. अशा वेळी घाबरून औषध सोडलेल्या बायका आहेत. सोडू नका, डॉक्टरांना विचारा.

आता ज्यांचे उपचार पूर्ण झाले आहेत, त्या मैत्रिणींशी बोलते. आपल्या श्रोत्यांत अशा बऱ्याच आहेत हे मला माहीत आहे. ऑपरेशन झालं, केमो झाली, शेक झाला, केस परत आले. आणि आता मनात एकच भीती, परत तर येणार नाही ना? मग दर तीन महिन्यांनी रक्त तपासून घ्यावं, आकडा नॉर्मल आला की तीन महिने झोप लागेल, असं वाटतं. वाटणं साहजिक आहे. बाई आकड्यासाठी जगायला लागते.

याची परीक्षा इटलीतल्या डॉक्टरांनी घेतली. २० रुग्णालयांतल्या १,३२० बायका, सगळ्यांचे सुरुवातीचे उपचार झालेले. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाची ठरावीक काळानं डॉक्टरी तपासणी, वर्षातून एकदा मॅमोग्राफी, आणि शिवाय हाडांचं स्कॅन, पोटाची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे, यकृताच्या रक्ततपासण्या. दुसऱ्या गटाला फक्त डॉक्टरी तपासणी आणि मॅमोग्राफी. बाकीचं काही तक्रार असेल तरच. सुमारे सहा वर्षं पाहिलं. जास्त तपासण्या झालेल्या गटात १३२ बायका दगावल्या, कमी तपासण्यांच्या गटात १२२. काही फरक नाही. १९९४ साली हे प्रसिद्ध झालं. त्या काळापेक्षा औषधं आता पुष्कळ सुधारली आहेत, तरी अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आजही तोच आहे: लवकरच्या टप्प्यातल्या कॅन्सरचे उपचार झालेल्या, काही तक्रार नसलेल्या बाईची सीए १५-३ किंवा सीईए ठरावीक काळानं करत बसू नये. पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवावं, पुढची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा. आणि वर्षाला एक मॅमोग्राफी. दुसऱ्या स्तनातही गाठ येऊ शकते, ती मॅमोग्राफीत लवकर दिसते.

पण मधल्या काळात काही नवीन झालं तर तारखेची वाट बघायची नाही. एका जागी सतत दुखणारं हाड, न थांबणारा खोकला, धाप, कावीळ, न थांबणारी डोकेदुखी, व्रणाजवळ किंवा काखेत नवी गाठ. यातलं काही असेल तर लगेच जायचं.

"पण सिस्टर, आधी कळलं तर बरंच ना?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. त्याला उत्तर म्हणून अमेरिकेतली एक गोष्ट सांगते. हिच्यात आशा आणि निराशा दोन्ही आहेत.

स्तनाच्या गाठीतून सुटलेल्या काही कॅन्सरपेशी रक्तात फिरत असतात. दीड चमचाभर, म्हणजे साडेसात मिलिलिटर रक्तात त्या मोजता येतात. २००४ साली असं दिसलं की रोग पसरलेल्या ज्या बाईच्या तेवढ्या रक्तात पाच किंवा जास्त पेशी सापडतात, तिचं आयुष्य कमी असतं. मग डॉक्टरांनी ठरवलं, केमो सुरू करण्याआधी मोजू आणि तीन आठवड्यांनी परत मोजू. पेशी कमी झाल्या नाहीत तर औषध लागू पडत नाही असं समजून लगेच दुसरं देऊ. किती शहाणपणाचं वाटतं! २०१४ साली निकाल आला. भाकीत अगदी बरोबर निघालं होतं. सुरुवातीपासून पेशी कमी असलेल्या बायकांतल्या निम्म्या ३५ महिन्यांपेक्षा जास्त जगल्या. आधी जास्त असून नंतर कमी झालेल्यांमध्ये हा आकडा २३ महिने, आणि कमी न झालेल्यांमध्ये १३. पण या शेवटच्या गटात ज्यांचं औषध लगेच बदललं त्या, न बदललेल्यांपेक्षा जास्त जगल्या नाहीत.

पाऊस येणार हे कळणं वेगळं, आणि घरात छत्री असणं वेगळं. जिथं छत्री आहे, तिथं लवकर कळण्याचा उपयोग. अलीकडे गाठीच्या डीएनएचे रक्तातले तुकडे शोधण्याच्या तपासण्या निघाल्या आहेत. पसरलेल्या रोगात कोणतं औषध लागू पडेल हे ठरवायला त्यातल्या काहींचा उपयोग होऊ लागला आहे. तिथं खरंच छत्री मिळते आहे. पण "थेंबभर रक्तात कॅन्सर ओळखा" अशी जाहिरात मोबाईलवर आली, तर ती गाठ असलेल्या बाईसाठी नाही एवढं समजा.

साध्या रक्ततपासणीबद्दलही बोलायला हवं. आपल्या ग्रामीण रुग्णालयात होते ती, हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी. पांढऱ्या पेशींतल्या दोन प्रकारांचं एकमेकांशी प्रमाण जास्त असलेल्या रुग्णांचा पुढचा प्रवास सरासरीनं अवघड जातो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. सरासरीनं, हा शब्द लक्षात ठेवा. दाढ सुजली, पायाची जखम चिघळली, तरी ते प्रमाण वाढतं. त्यावरून तुमचं स्वतःचं भविष्य कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

पण केमो चालू असताना हीच साधी तपासणी जीव वाचवते. केमोनं पांढऱ्या पेशी उतरतात आणि जंतूंशी लढायला कुणी उरत नाही. म्हणून प्रत्येक डोसाआधी रक्त तपासतात. केमोच्या दिवसांत ताप शंभराच्या वर गेला तर क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा. आणि हिमोग्लोबिन! आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. सात-आठ हिमोग्लोबिनवर बाई ऑपरेशनला आली की आधी रक्त भरा, तारीख पुढे ढकला. हे आजाराच्या आधीच सुधारता येण्यासारखं आहे, म्हणून लोहाच्या गोळ्या फडताळात ठेवू नका, खा.

बरं, मग बाईचं पुढं काय होणार, हे सगळ्यांत जास्त कशावरून कळतं? गाठ केवढी आहे, काखेतल्या गाठींत रोग गेलाय का, दूर पसरलाय का, आणि गाठीचा स्वभाव कसा आहे, यावरून. स्वभाव कळतो गाठीच्या तुकड्यावरून, म्हणजे बायोप्सीवरून. त्या तुकड्यावर ईआर, पीआर आणि हर-टू अशा तीन तपासण्या करतात. ईआर किंवा पीआर असेल तर गाठ बाईच्या अंगातल्या हार्मोनवर पोसली जाते. तिला उपाशी ठेवणारी टॅमॉक्सिफेनसारखी स्वस्त गोळी आहे, रोज एक, पाच ते दहा वर्षं. हर-टू असेल तर त्याचं वेगळं इंजेक्शन आहे. म्हणजे या खुणा भाकीत सांगून थांबत नाहीत, हातात औषधही देतात. सुई टोचली की कॅन्सर भडकतो म्हणून बायका बायोप्सीला नाही म्हणतात. तसं होत नाही. सुईनं तुकडा घेतल्याशिवाय योग्य औषध ठरवताच येत नाही.

आणि टप्पा किती महत्त्वाचा ते आकड्यांतच ऐका. देशातल्या ११ कॅन्सर नोंदणी केंद्रांनी, २०१२ ते २०१५ या काळात स्तनाचा कॅन्सर निघालेल्या सतरा हजारांवर बायकांचा पुढे मागोवा घेतला. रोग स्तनातच असताना आलेल्या १०० बायकांपैकी ८१ पाच वर्षांनंतरही हयात होत्या. काखेपर्यंत गेलेल्यांत ६५-६६. दूर पसरल्यावर आलेल्यांत १८.

लवकर ओळखायला मोठं यंत्रच लागतं असंही नाही. मुंबईत टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून वीस वर्षं झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायकांवर काम केलं. दहावी शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी दर दोन वर्षांनी निम्म्या वस्त्यांत जाऊन बायकांचे स्तन हातानं तपासले. २०२१ मध्ये निकाल आला. जिथं तपासणी झाली तिथं पुढच्या टप्प्यात सापडलेल्या रुग्ण १०० त ३७, जिथं झाली नाही तिथं ४७. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. हे सगळं आपल्यासारख्याच बायकांच्या बोटांनी झालं.

तिशीनंतरच्या बायकांसाठी ही हातानं करायची तपासणी आपल्या उपकेंद्रात सरकारी कार्यक्रमात आहे. आशाताईंना विचारा. गाठ, स्तनाग्र आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं, कातडीला खड्डे पडणं, यातलं काहीही असेल तर रक्त तपासून वेळ घालवायचा नाही. थेट जिल्हा रुग्णालयात किंवा कॅन्सरच्या दवाखान्यात जायचं. तिथं हातानं तपासतील, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी करतील, गरज वाटली तर तुकडा घेतील. बऱ्याच गाठी साध्याच निघतात. कॅन्सर निघालाच तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, केमो, शेक यांचा खर्च बसतो. रेशन कार्ड आणि आधार कार्ड बरोबर न्या, दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा.

त्या ताईंचं काय झालं, हे विचारायला तुमच्यातलं कुणीतरी फोन करणारच, म्हणून सांगून टाकते. त्यांच्या परवानगीनंच सांगते आहे. बैठकीनंतर चौथ्या दिवशी त्यांची जाऊ त्यांना घेऊन गेली. गाठ कॅन्सरची निघाली, काखेतल्या दोन गाठींतही होती. ऑपरेशन झालं, आठ केमो झाल्या, शेक झाला. ईआर होता, त्यामुळे आता रोजची गोळी चालू आहे. गेल्या महिन्यात भेटल्या, तर डोक्यावर बोटभर केस आलेत. मी विचारलं, "ताई, गोळी चुकत नाही ना?"

म्हणाल्या, "न्हाई चुकत. दिवाबत्ती झाली की घेते. आणि सिस्टर, परवा ते शिबिरवाले परत आले हुते गावात. आमच्या गटातल्या कुणीबी रक्त दिलं न्हाई. सगळ्या मिळून उपकेंद्रावर गेलो हुतो."

"किती जणी?"

"चौदा. दोघींना पुढं पाठवलंय. बुधवारी जायचंय त्यांच्यासंगं."